'जंबो' म्हणजे नेमकं किती मोठं? रेल्वे ब्लॉकपासून नोकरभरतीपर्यंत पोहोचलेल्या शब्दाची गोष्ट

मुंबईत शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. उद्या मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक, पश्चिम रेल्वेवर जंबो ब्लॉक. शहरात नव्याने आलेल्या माणसाला साहजिकच प्रश्न पडतो, की या दोघांत मोठा कुठला?

खरं उत्तर असं की, दोन्हीत तसा काही फरक नाही. रुळांची दुरुस्ती, ओव्हरहेड वायरची तपासणी, सिग्नल यंत्रणेची कामं यासाठी रविवारी दिवसा साधारण चार-पाच तास मार्ग बंद ठेवायचा, एका मार्गावरच्या लोकल दुसऱ्या मार्गावर वळवायच्या, काही रद्द करायच्या. काम तेच, फक्त दोन रेल्वेंनी दोन वेगळे शब्द उचलले आणि मुंबईकरांनी ते पाठ करून टाकले.

शब्द म्हणून मात्र दोघांत बराच फरक आहे. 'मेगा' हा ग्रीक भाषेतून आलेला शब्द. विज्ञानात त्याला पक्कं माप आहे: मेगा म्हणजे दहा लाख पट. मेगावॅट, मेगाबाइट हे त्यातूनच आले. आपल्या 'महा'चा तो लांबचा भाऊही लागतो, कारण संस्कृतमधला 'महा' आणि ग्रीकमधला 'मेगा' एकाच प्राचीन मुळातून निघालेले आहेत. 'जंबो'ला असलं घराणं नाही आणि मापही नाही. ते एका हत्तीचं नाव होतं. हा हत्ती खरोखर होऊन गेला, लंडनमध्ये लाडका झाला, अमेरिकेत विकला गेला आणि कॅनडातल्या एका रेल्वे यार्डात मालगाडीखाली मेला. आज वेफर्सच्या पाकिटावर त्याचं नाव छापलं जातं, ते मात्र त्याच्या मालकाच्या जाहिरातबाजीमुळे.

शब्दकोशात काय सापडतं?

इंग्रजीत 'जंबो' आज मुख्यतः विशेषण म्हणून वापरतात. नेहमीपेक्षा बराच मोठा, त्याच प्रकारच्या इतर वस्तूंच्या तुलनेत अवाढव्य, असा अर्थ. 'त्याच प्रकारच्या' हे महत्त्वाचं. जंबो कोळंबी तळहातावर मावते आणि जंबो जेटला धावपट्टी पुरत नाही, तरी शब्द एकच. नाम म्हणून तो हत्तीसाठी लाडाने वापरतात. आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत तर रानहत्ती शेतात शिरले की मथळ्यात हमखास 'जंबो' असतो, कारण तो 'एलिफंट'पेक्षा कमी जागा खातो.

मोठ्या आकाराच्या अर्थाने हा शब्द रूढ झाला तो १८८२ साली. शब्दांच्या इतिहासात इतकं नेमकं साल सहसा मिळत नाही. त्या वर्षी असं काय घडलं, हे समजायला त्याआधीच्या वीस वर्षांत जावं लागतं.

आईविना पिल्लू

१८६०च्या दशकाच्या सुरुवातीला, आजच्या सुदान आणि इरिट्रियाच्या सीमेजवळच्या प्रदेशात, हमरान शिकाऱ्यांनी एक हत्तीण मारली आणि तिचं पिल्लू पकडलं. युरोपातल्या प्राणीसंग्रहालयांना तेव्हा आफ्रिकी प्राणी हवे होते आणि त्यासाठी व्यापाऱ्यांची साखळीच उभी राहिली होती. पिल्लू जिवंत हवं तर आईला मारायचं, ही त्या धंद्याची नेहमीची रीत. लोरेंझो कासानोव्हा या इटालियन प्राणीव्यापाऱ्याने ते विकत घेतलं, वाळवंट आणि समुद्र ओलांडून युरोपात आणलं आणि अखेर ते पॅरिसच्या 'जार्दँ दे प्लांत' या उद्यानात पोहोचलं.

तिथे त्याचे हालच झाले. १८६५मध्ये लंडनच्या प्राणीसंग्रहालयाने एक गेंडा पॅरिसला देऊन त्याच्या बदल्यात हा हत्ती घेतला. लंडनला पोहोचला तेव्हा तो आजारी होता, कातडी खराब झालेली होती, अंगावर मांस नव्हतं. मॅथ्यू स्कॉट नावाच्या माहुताकडे, इंग्रजीत म्हणायचं तर कीपरकडे, त्याला सोपवण्यात आलं. स्कॉटने त्याला अक्षरशः मरणाच्या दारातून परत आणलं आणि पुढची वीस वर्षं तो त्याच्यापासून हलला नाही.

म्हणजे लंडनला 'जंबो' पहिल्यांदा दिसला तो हडकुळ्या पिल्लाच्या रूपात. त्याला पाहून 'केवढा हा!' असं कुणी म्हटलं असण्याची शक्यता नाही.

दिवसा लाडका, रात्री पिसाळलेला

पुढच्या काही वर्षांत तो वाढला आणि वाढतच गेला. प्राणीसंग्रहालयाचे अधीक्षक अब्राहम बार्टलेट यांनी त्याच्या पाठीवर मुलांना फिरवायला सुरुवात केली. राणी व्हिक्टोरियाची मुलंही त्याच्या पाठीवर बसल्याचं सांगितलं जातं. लोक त्याला बन पाव खायला घालायचे, मुलं सोंडेत नाणी ठेवायची. लंडनमधल्या एका आख्ख्या पिढीचं बालपण या हत्तीशी जोडलं गेलं.

संध्याकाळी दारं बंद झाली की मात्र वेगळंच चित्र असायचं. जंबो पिंजऱ्याच्या भिंतींवर धडका द्यायचा, लाकडं फोडायचा. अशा धडकांत त्याचे सुळेही तुटले. स्कॉट त्याला शांत करायला दारू पाजायचा, असं त्या काळच्या लिखाणात येतं. बार्टलेट यांना भीती वाटू लागली, की वयात आलेला हा हत्ती एक दिवस लोकांसमोर बेभान झाला तर? गरज पडल्यास त्याला ठार करता यावं यासाठी साधनं बाळगण्याची परवानगी त्यांनी संस्थेकडे मागितली होती.

हा माज होता की आणखी काही? याचं उत्तर मिळायला शंभरहून अधिक वर्षं लागली. जंबोचा सांगाडा आज न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत आहे. २०१७मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटासाठी, ज्याचं निवेदन डेव्हिड अ‍ॅटनबरो यांनी केलं होतं, शास्त्रज्ञांनी या हाडांची तपासणी केली. हत्तीचे दात आयुष्यभर मागून पुढे सरकत असतात. जाडंभरडं, चरबरीत खाणं मिळालं की पुढचा दात झिजून पडतो आणि मागचा त्याची जागा घेतो. जंबोला बन आणि गवत असा मऊ आहार मिळाला, दात झिजले नाहीत आणि मागचे दात वेडेवाकडे वाढले. रात्री लोक नसताना, लक्ष वेधून घ्यायला काही नसताना, दाढदुखी सहन होत नसेल, असा तज्ज्ञांचा अंदाज निघाला. वर्षानुवर्षं माणसांची ओझी वाहिल्याने त्याच्या पायांचे सांधेही दुप्पट वयाच्या हत्तीसारखे झाले होते.

दोन हजार पौंडांचा सौदा

अमेरिकेत तेव्हा पी. टी. बार्नम नावाचा सर्कसवाला होता. 'द ग्रेटेस्ट शोमन' हा ह्यू जॅकमनचा सिनेमा ज्याच्यावर बेतला आहे, तोच हा. सिनेमातला बार्नम गोड आहे. खऱ्या बार्नमला माणूस असो की प्राणी, त्यातून तिकीट किती निघेल एवढं बरोबर कळायचं. त्याने लंडनच्या प्राणीसंग्रहालयाला जंबोसाठी २,००० पौंडांची, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने १०,००० डॉलरची बोली लावली. बार्टलेट यांना हत्तीची धास्ती होतीच. १८८२च्या सुरुवातीला सौदा ठरला.

बातमी फुटली आणि ब्रिटन खवळलं. वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले, शाळकरी मुलांनी राणीला पत्रं पाठवली, विक्री थांबवण्यासाठी प्रकरण न्यायालयातही गेलं. न्यायालयाने सौदा कायम ठेवला. नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण २०२५मध्ये न्यायालयाच्या आदेशाने गुजरातला नेली तेव्हा कोल्हापूर परिसरात लोक जसे रस्त्यावर उतरले, ते आठवलं तर लंडनच्या तेव्हाच्या वातावरणाची थोडी कल्पना येईल. दोन प्रकरणांची कारणं वेगळी आहेत. महादेवीच्या प्रकरणात वाद तिच्या प्रकृतीचा आणि देखभालीचा होता, जंबोचा तर सरळ व्यवहार होता. पण 'आमचा हत्ती' ही भावना दोन्हीकडे सारखीच.

जंबो स्वतःही जायला तयार नव्हता. त्याला नेण्यासाठी बांधलेल्या पेटीत तो शिरेना. रस्त्यावर आणला तर खाली बसला आणि उठेना. बार्नमला हे कळलं तेव्हा तो वैतागला नाही, उलट खूश झाला. हत्ती जितके दिवस अडून बसेल तितके दिवस पहिल्या पानावर फुकट जाहिरात. लोक प्राणीसंग्रहालयात रांगा लावून त्याचा निरोप घेऊ लागले. टोप्या, नेकटाय, पंखे, सिगार अशा वस्तूंना जंबोचं नाव देऊन बाजारात आणलं गेलं. आजच्या भाषेत सांगायचं तर हत्ती ट्रेंडिंग होता, आणि जवळपास दोन महिने होता.

अखेर मार्चमध्ये 'अ‍ॅसिरियन मोनार्क' या जहाजावर त्याला चढवलं. स्कॉट सोबत होता. ९ एप्रिल १८८२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, जहाज न्यूयॉर्कला लागलं. पहिल्या काही आठवड्यांच्या तिकीटविक्रीतच बार्नमचा सगळा खर्च वसूल झाला.

इंग्रजीत 'जंबो' हा आकाराचा शब्द झाला तो या काही महिन्यांत. कुठल्याही मोठ्या वस्तूला लोक 'जंबो' म्हणू लागले आणि १८८६पर्यंत सिगारच्या मोठ्या आकारासाठी तो सर्रास वापरला जाऊ लागला होता.

तेरा फूट की साडेदहा?

आता मूळ प्रश्न. हा हत्ती खरंच एवढा मोठा होता का?

मोठा होता. मृत्यूच्या वेळी खांद्यापाशी त्याची उंची सुमारे ३.२३ मीटर, म्हणजे साधारण १० फूट ७ इंच असावी, असं मानलं जातं. चोवीस-पंचवीस वर्षांच्या आफ्रिकी नर हत्तीसाठी ही उंची खासच आहे. माहितीपटासाठी झालेल्या तपासणीत असंही दिसलं, की त्याच्या हाडांची वाढ अजून थांबलेली नव्हती. जगला असता तर आणखी वाढला असता.

बार्नमला मात्र एवढ्याने भागत नव्हतं. त्याच्या जाहिरातींत जंबो जवळपास १३ फुटांचा असायचा. पोस्टरवरच्या चित्रांत हत्तीच्या पायाशी माणसं मुंग्यांसारखी काढलेली असत. प्रेक्षकांपैकी कोण पट्टी घेऊन मोजायला जाणार? 'जंबो' शब्द रूढ झाला तो या पोस्टरवरच्या हत्तीमुळे. जगभर मोठेपणा सांगायला जे नाव वापरतात, ते नाव ज्याचं, त्याच्याच अंगावर अडीच फूट वाढवून सांगितलेले होते.

१७ मे १८८४ रोजी बार्नमने आपले २१ हत्ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावरून चालवत नेले. पूल उघडून एक वर्ष झालं होतं आणि तो कोसळेल अशी भीती लोकांच्या मनातून गेलेली नव्हती. हत्ती गेले, पूल टिकला. या मिरवणुकीतही जंबो होता.

सेंट थॉमसचं यार्ड

१५ सप्टेंबर १८८५. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातलं सेंट थॉमस गाव. रात्रीचा खेळ संपला होता आणि प्राण्यांना रुळांवरून चालवत सर्कसच्या गाडीकडे नेलं जात होतं. जंबो आणि 'टॉम थंब' नावाचा एक छोटा हत्ती सगळ्यात मागे होते. तेवढ्यात मागून मालगाडी आली. एका बाजूला सर्कसच्या डब्यांची रांग, दुसऱ्या बाजूला उतार, पळायला जागाच नव्हती. छोट्या हत्तीचा पाय मोडला. जंबोला इंजिनाने मागून धडक दिली, ते इंजिन रुळांवरून घसरलं. थोड्या वेळात जंबो गेला. स्कॉट शेजारी बसून रडत होता, असं वर्णन आहे.

काही दिवसांत एक वेगळीच गोष्ट छापून येऊ लागली. जंबोने म्हणे छोट्या टॉम थंबला वाचवण्यासाठी स्वतःला गाडीपुढे झोकून दिलं. ही गोष्ट बार्नमने पसरवली होती. ती आजही इंटरनेटवर फिरते, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या संगीतासह. घटनेच्या वेळी हजर असलेल्यांच्या सांगण्यातून मात्र फक्त घाबरून पळणारा हत्तीच समोर येतो.

आपल्याकडे म्हणतात, जिवंत हत्ती लाखाचा आणि मेला तर सव्वा लाखाचा. बार्नमने ही म्हण ऐकलेली असणं शक्य नाही, पण ती अमलात आणली ती त्यानेच. कातडी आणि हाडं वेगळी करून घेतली. कातडीत पेंढा भरणाऱ्या कारागिरांना त्याने सांगितलं, की जमेल तेवढा मोठा करा. कातडी ताणून जंबो मेल्यानंतर आणखी उंच झाला. मग एकाऐवजी दोन जंबो सर्कसबरोबर फिरू लागले: एक पेंढा भरलेला, एक सांगाड्याचा. सोबत लंडनहून 'अ‍ॅलिस' नावाची हत्तीण विकत आणली आणि ती जंबोची विधवा म्हणून दाखवली. अ‍ॅलिस लंडनच्या प्राणीसंग्रहालयात त्याच्याबरोबर होती एवढं खरं. पत्नी वगैरे वर्तमानपत्रांची कल्पना.

पेंढा भरलेला जंबो पुढे बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठाला मिळाला, कारण बार्नम तिथला विश्वस्त होता. आजही या विद्यापीठाच्या खेळाडूंना 'जंबोज' म्हणतात. १९७५च्या एप्रिलमध्ये तिथल्या इमारतीला आग लागली आणि जंबो जळून गेला. एका कर्मचाऱ्याने उरलेल्या राखेतली थोडी पीनट बटरच्या रिकाम्या बरणीत भरून ठेवली. सामन्याआधी खेळाडू त्या बरणीला हात लावून जातात. शेपूट आधीच सुटून वेगळं ठेवलेलं होतं, ते तेवढं वाचलं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, हे मराठीत आपण सहज बोलतो. इथे ते शब्दशः घडलं आहे.

सेंट थॉमसमध्ये १९८५ साली, मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, जंबोचा भव्य पुतळा उभारण्यात आला. बार्नमचं नाव लावणाऱ्या अमेरिकी सर्कसने हत्तींचे खेळ बंद केले ते थेट २०१६मध्ये.

पण मुळात हत्तीचं नाव 'जंबो' का?

'स्वाहिली भाषेत जंबो म्हणजे हत्ती', असं सांगणारे रील्स आणि पोस्ट बरेच दिसतात. ते चूक आहे. स्वाहिलीत हत्तीला 'टेंबो' किंवा 'न्डोवू' म्हणतात. 'जाम्बो' हे स्वाहिलीत अभिवादन म्हणून वापरतात आणि 'जुम्बे' म्हणजे गावचा प्रमुख. या दोन शब्दांवरून हत्तीचं नाव पडलं असेल, असा एक तर्क आहे, पण त्यात अडचण आहे. हा हत्ती सुदानच्या बाजूचा, तिथे स्वाहिली बोलत नाहीत. वाढला तो पॅरिस आणि लंडनमध्ये.

दुसरा तर्क जास्त वजनदार वाटतो. हत्ती लंडनला येण्याच्या बऱ्याच आधी, १८२३ सालच्या एका इंग्रजी बोली-कोशात 'जंबो' हा शब्द आहे. अर्थ: बोजड, अवजड चालीचा माणूस. मराठीत आपण ज्याला ढोल्या किंवा धटिंगण म्हणू, तसं काहीसं. पिल्लाला हे चिडवायचं नाव चिकटलं असावं.

मग या चिडवण्याच्या शब्दाचं मूळ कुठे? इथे अभ्यासकांत दोन मतं आहेत. काहींना त्यात पश्चिम-मध्य आफ्रिकेतल्या कोंगो भाषेचा 'न्झांबा' दिसतो, ज्याचा अर्थ खरोखर हत्ती असा आहे. गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर तो इंग्रजीत शिरला असावा, असं ते मानतात. काहीजण त्याचा संबंध 'मंबो जंबो'शी जोडतात. अर्थहीन बडबडीला इंग्रजीत आज मंबो जंबो म्हणतात, पण १७३८ साली फ्रान्सिस मूर या इंग्रज व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात तो पहिल्यांदा आला, तो गांबियाच्या परिसरातल्या मुखवटाधारी सोंगाचं नाव म्हणून. दोन्हीपैकी काहीही खरं असलं, तरी शब्द आफ्रिकेचा आणि त्याला चिकटलेला हेटाळणीचा सूर युरोपचा.

आणि हो, जंबुद्वीप किंवा जांभळाशी याचं काही नातं नाही. उच्चार जुळतो, तेवढंच.

१९४१च्या डिस्नेच्या सिनेमातला उडणारा हत्ती 'डंबो' मात्र थेट या नावावरून आला आहे. त्याच्या आईचं नाव मिसेस जंबो आणि त्याचं खरं नाव जंबो ज्युनिअर. कान मोठे म्हणून बाकीच्यांनी त्याला 'डंब' जोडून डंबो केलं.

हत्तीवरून विमान, विमानावरून कुंबळे

बोइंग ७४७ हे विमान आधीच्या ७०७पेक्षा जवळपास अडीचपट मोठं होतं. १९६०च्या दशकात अशा प्रचंड विमानांसाठी 'जंबो जेट' हा शब्द निघाला आणि ७४७ला तो कायमचा चिकटला. बोइंगला सुरुवातीला हे रुचलं नव्हतं. आपलं नवं विमान लोकांना हत्तीसारखं संथ वाटावं, असं कोणत्या कंपनीला वाटेल? पण लोकांनी कंपनीचं ऐकलं नाही. ९ फेब्रुवारी १९६९ला पहिलं उड्डाण झालं आणि जानेवारी १९७०मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली.

एअर इंडियाचं पहिलं जंबो जेट एप्रिल १९७१मध्ये मुंबईत उतरलं. नाव 'एम्परर अशोक'. त्या काळच्या मध्यमवर्गीय मुंबईकरासाठी जंबो म्हणजे हत्ती नव्हेच, जंबो म्हणजे वाकड्या खिडक्यांवर राजस्थानी महिरपी रंगवलेलं, डोक्यावर कुबड असलेलं ते विमान. हेच 'एम्परर अशोक' १ जानेवारी १९७८च्या रात्री मुंबईहून दुबईला निघाल्यावर काही मिनिटांत वांद्र्याच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ जणांचा त्यात मृत्यू झाला. एअर इंडियाच्या जंबोंचं पर्व संपलं ते एप्रिल २०२४मध्ये, जेव्हा एका ७४७ने मुंबईहून शेवटचं उड्डाण केलं.

क्रिकेटमधला 'जंबो' तुम्हाला माहीत आहेच. अनिल कुंबळे यांना हे नाव त्यांच्या मोठ्या पावलांमुळे पडलं, असं अनेक जण सांगतात. स्वतः कुंबळे यांनी सांगितलेली आठवण वेगळी आहे. दिल्लीत इराणी करंडकाच्या सामन्यात त्यांचे एक-दोन चेंडू खेळपट्टीवरून अचानक उसळले. मिड-ऑनला उभे असलेले नवज्योतसिंग सिद्धू म्हणाले, जंबो जेट! पुढे 'जेट' गळून पडलं आणि जंबो राहिलं. म्हणजे कुंबळे यांचं टोपणनाव हत्तीकडून थेट आलेलं नाही, ते व्हाया बोइंग आलं आहे.

मराठीत 'जंबो'

मराठीला मोठेपणाच्या शब्दांची तशी वानवा नाही. अवाढव्य, अगडबंब, भलंमोठं, महाकाय, अजस्र. गंमत म्हणजे 'अजस्र'चा संस्कृत अर्थ सतत चालणारं, अखंड असा होता, मराठीत येऊन तो मोठा झाला. तरी मथळे लिहिणाऱ्यांना 'जंबो' आवडतो. तो तीन अक्षरांपेक्षाही कमी जागेत बसतो, लिंग-वचनानुसार बदलावा लागत नाही आणि ऐकायला दणकट आहे. जंबो भरती, जंबो कार्यकारिणी, जंबो यादी, जंबो मंत्रिमंडळ.

यातल्या शेवटच्याला खरंच आकडा आहे. उत्तर प्रदेशात १९९७मध्ये कल्याणसिंह यांच्या मंत्रिमंडळात ९३ मंत्री होते. अशा प्रकारांना आळा घालण्यासाठी २००३मध्ये ९१वी घटनादुरुस्ती झाली. मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या एकूण सदस्यांच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात ही मर्यादा मुख्यमंत्र्यांसह ४३ होते. ४० आमदारांच्या गोव्यात १५ टक्के म्हणजे सहाच होतील, म्हणून लहान राज्यांना १२ जणांची सूट आहे. त्यामुळे हल्ली महाराष्ट्रात 'जंबो मंत्रिमंडळ' असा मथळा दिसला, तर ते फार तर ४३ जणांचं असणार.

२०२०मध्ये या शब्दाला एक गंभीर अर्थही मिळाला. कोरोनाच्या पहिल्या लाटेत रुग्णालयांतल्या खाटा संपल्या, तेव्हा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुल, गोरेगाव, मुलुंड, दहिसर इथे आणि पुण्यात सीओईपीच्या मैदानावर तात्पुरती 'जंबो कोविड सेंटर' उभी राहिली. त्या दिवसांत 'जंबोत बेड मिळाला का?' हा प्रश्न ज्यांनी फोनवर विचारला आहे, त्यांना हा शब्द वडापावच्या दुकानापेक्षा वेगळ्या कारणासाठी लक्षात राहील.

वडापावचं म्हणाल तर 'जंबोकिंग' ही साखळी २००१मध्ये मालाडपासून सुरू झाली. साधा वडापाव होताच, हा जंबो.

जिथे जंबोला माप आहे

काही मोजक्या ठिकाणी या शब्दाला कायद्याने किंवा तंत्राने बांधलं आहे. अमेरिकेत अंड्यांच्या आकारात सर्वांत वरची श्रेणी 'जंबो' आहे. एक डझन अंड्यांचं वजन किमान ३० औंस, म्हणजे सुमारे ८५० ग्रॅम भरलंच पाहिजे. तिथल्या 'लार्ज' अंड्यांसाठी ते २४ औंस आहे. अमेरिकेतच गृहकर्जाची सरकारने ठरवलेली मर्यादा ओलांडली की ते 'जंबो लोन' होतं. २०२५ साठी बहुतेक भागांत ही मर्यादा ८,०६,५०० डॉलर होती. संगणकाच्या नेटवर्कमध्ये माहितीच्या एका तुकड्यात सहसा १,५०० बाइट जातात, त्याहून मोठ्या तुकड्याला 'जंबो फ्रेम' म्हणतात.

आपल्या किराणा दुकानातल्या पाकिटावर 'जंबो पॅक' छापायला असं कुठलंही ठरलेलं माप नाही. १०० ग्रॅमचं पाकीटही जंबो असू शकतं आणि १ किलोचंही. कंपनीचं नेहमीचं पाकीट जर ३० ग्रॅमचं असेल, तर तिच्या लेखी १०० ग्रॅम जंबोच. कायद्याने छापणं बंधनकारक आहे ते निव्वळ वजन, एमआरपी आणि एका ग्रॅमला किंवा एका नगाला पडणारी किंमत. ही शेवटची ओळ सहसा मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असते. दोन पाकिटं शेजारी धरून तेवढे दोन आकडे ताडून पाहिले, तर मोठं पाकीट खरंच स्वस्त पडतंय की नाही हे अर्ध्या मिनिटात कळतं. कधी कधी छोटी दोन घेणं परवडतं.